मागच्या ॲक्सलचा हिशेब : पिकअपच्या सस्पेन्शनची निवड

१. प्रश्नाची मांडणी

टोयोटाने २००४ पासून एकाच मूळ आराखड्यावर तीन गाड्या उभ्या केल्या : हायलक्स पिकअप, इनोव्हा आणि फॉर्च्युनर. तिघींची चासी शिडीची, तिघींना मागे सलग ॲक्सल. मागचे सस्पेन्शन मात्र एकसारखे नाही. हायलक्सला पाटे आहेत. इनोव्हा आणि फॉर्च्युनरला कॉइल स्प्रिंग आणि ॲक्सल धरून ठेवणाऱ्या दांड्या. महिंद्राकडेही हेच दिसते. बोलेरो पिकअप पाट्यांवर चालते, तर चाकणला तयार होणाऱ्या स्कॉर्पिओ-एनला कॉइल, दांड्या आणि वॅट लिंकेज अशी जुळणी आहे.

ज्या कंपनीला कॉइल उत्तम बसवता येते तीच कंपनी पिकअपला पाटे लावते, तेव्हा 'पाटे जुनाट आणि कॉइल आधुनिक' हे स्पष्टीकरण पुरे पडत नाही. 'पाटे स्वस्त म्हणून' हे अर्धे खरे आहे, पण अमेरिकेतल्या बहुतेक महागड्या अवजड पिकअपलाही पाटेच का असतात, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. निवडीमागे एक मोजता येणारी राशी आहे. मागच्या स्प्रिंगांवर भरल्या गाडीत पडणारे वजन आणि रिकाम्या गाडीत पडणारे वजन यांचे गुणोत्तर, ही ती राशी. तिला आपण भारगुणोत्तर म्हणू. सस्पेन्शनचा प्रकार आधी ठरवून मग गाडी बेतणे म्हणजे उलटे काम. भारगुणोत्तर काढले की बरेचसे पर्याय आपोआप गळून पडतात.

२. मागच्या सस्पेन्शनची पाच कामे

पर्यायांची तुलना करण्याआधी कामांची यादी नक्की हवी.

पहिले काम वजन पेलण्याचे. दुसरे, ॲक्सल जागेवर धरण्याचे : तो पुढे-मागे सरकता कामा नये, आडवाही हलता कामा नये. तिसरे, पीळ सोसण्याचे. मागची चाके गाडी ढकलतात तेव्हा ॲक्सलचे हाउसिंग उलट्या दिशेने फिरू पाहते. ब्रेक दाबल्यावर ते सुलट्या दिशेने फिरू पाहते. चौथे काम हेलकावे शमवण्याचे. पाचवे काम भार चासीत वाटून देण्याचे, आणि चर्चेत बहुतेक वेळा हेच विसरले जाते.

सस्पेन्शनचा प्रत्येक प्रकार ही पाचही कामे करतो. फरक असतो तो कोणते काम कोणत्या भागाकडे सोपवले यात.

३. भारगुणोत्तराचे गणित

हिशेबासाठी एक नमुना गाडी घेऊ. आकडे कल्पित आहेत, पण बाजारातल्या पिकअपशी जुळणारे आहेत. रिकामी असताना तिच्या मागच्या दोन्ही स्प्रिंगांवर मिळून ५०० किलो वजन आहे. चाके आणि ॲक्सल स्प्रिंगच्या खाली असल्याने त्यांचे वजन यात धरायचे नाही. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो घेऊन जाणारा पिकअप डोळ्यांपुढे आणा : २० किलोचे ६० क्रेट म्हणजे १२०० किलो माल. हौदा मागच्या ॲक्सलच्या वरच असतो, म्हणून हे सगळे वजन मागे पडते असे धरू. भरल्यावर स्प्रिंगांवर १७०० किलो. भारगुणोत्तर ३.४.

आता एखादी हॅचबॅक घ्या. मागच्या स्प्रिंगांवर रिकाम्या गाडीत ३५० किलो, मागे माणसे आणि डिकीत सामान भरल्यावर ६००. गुणोत्तर १.७.

स्प्रिंगवर ठेवलेले वजन एका ठरावीक वेगाने हेलकावे घेते. स्प्रिंग कडक तर हेलकावे जलद. वजन जास्त तर हेलकावे संथ. दोन्ही संबंध वर्गमुळाचे आहेत. प्रवाशाला सुखावणारा वेग सेकंदाला १ ते १.५ हेलकावे, म्हणजे १ ते १.५ हर्ट्झ. माणसाचे शरीर ४ ते ८ हर्ट्झच्या उभ्या कंपनांना सर्वांत जास्त हळवे असते, म्हणून आकडा त्या दिशेने सरकला की गाडी 'उडवते' अशी तक्रार सुरू होते.

दुसरे बंधन जागेचे. माल भरल्यावर गाडीचा मागचा भाग किती खाली बसू द्यायचा? फार बसला तर बंप रबर आदळतात, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात आणि पुढच्या चाकांवरचे वजन कमी होऊन स्टिअरिंग हलके पडते. समजा, आपण ८ सेंटिमीटरची मुभा दिली.

स्प्रिंग सरळ स्वभावाची असेल, म्हणजे दुप्पट वजनाला दुप्पट दबणारी असेल, तर या दोन अटींतून एक नेमका निष्कर्ष निघतो : रिकाम्या गाडीचा हेलकावा फक्त दोन गोष्टींवर ठरतो, भारगुणोत्तर आणि दिलेली मुभा. गाडी लहान की मोठी याचा त्यात संबंधच येत नाही. ८ सेंटिमीटर मुभेत गुणोत्तर १.७ असेल तर रिकाम्या गाडीचा हेलकावा साधारण १.५ हर्ट्झ येतो. गुणोत्तर २ ला १.८, २.५ ला २.२, ३ ला २.५, आणि आपल्या ३.४ ला २.७ हर्ट्झ. हॅचबॅक सुखद आणि पिकअप रिकामा असताना हाडे खिळखिळी करणारा, हा फरक कंपनीच्या कंजुषीतून आलेला नाही. तो गणितातूनच आला आहे.

उलट बाजूनेही तपासता येते. रिकाम्या पिकअपला १.५ हर्ट्झचा हेलकावा द्यायचा ठरवला तर तेवढी मऊ स्प्रिंग १२०० किलोखाली साडेसव्वीस सेंटिमीटर दबेल. एवढी जागा चाकाच्या वर नसते.

यात शॉकॲब्सॉर्बरची अडचण भर घालते. एकाच शॉकॲब्सॉर्बरला ५०० किलो आणि १७०० किलो या दोन्ही वजनांचे हेलकावे शमवायचे आहेत. भरल्या गाडीला नेमका बसेल असा तो निवडला, तर रिकाम्या गाडीत त्याचे दमन प्रमाणाबाहेर, म्हणजे १.८ पटीपेक्षा जास्त होते. चाक खड्ड्यातून वर येते तेव्हा शॉकॲब्सॉर्बरच धक्का वर पोचवतो. 'शॉकअब बदलला तरी गाडी आपटतेच' असे चालक म्हणतो, त्याचे मूळ इथे आहे.

गणिताच्या या कोंडीतून बाहेर पडायला दोनच वाटा आहेत. एक, स्प्रिंगचा कडकपणा वजनाबरोबर वाढेल असे करायचे. दुसरी, गाडी दबली की उंची पुन्हा भरून काढायची, म्हणजे मुभेचे बंधनच उरत नाही. पुढचे सर्व प्रकार या दोन वाटांवर कोण किती चालतो, या नजरेने पाहू.

४. पाटे

पाट्यांची मोठी खूबी अशी की मघाच्या पाचही कामांचा बहुतेक भार एकच वस्तू उचलते. उभ्या पिकअपच्या मागे वाकून पाहिले तर सगळी रचना उघडी दिसते. मेन पाट्याचा पुढचा डोळा बुशमधून चासीला घट्ट बसवलेला. मागचा डोळा मात्र शॅकलवर लोंबता. कारण पाटा दबून सपाट झाला की लांबतो आणि त्या लांबीला सरकायला वाट हवी. मध्यभागी दोन यू-बोल्ट पाट्यांची चवड हाउसिंगला आवळून धरतात. चवडीतून आरपार गेलेल्या सेंटर बोल्टचे डोके हाउसिंगवरच्या बैठकीच्या भोकात बसलेले असते. ॲक्सल पुढे-मागे सरकू न देण्याची जबाबदारी या लहानशा डोक्यावर आणि यू-बोल्टच्या आवळणीवर असते. यू-बोल्ट सैल राहिले तर सगळा ताण सेंटर बोल्टवर येतो, तो तुटतो, ॲक्सल एका बाजूला सरकतो आणि गाडी रस्त्यावर तिरकी चालू लागते. माल भरून काही दिवस धावलेल्या नव्या पाट्यांचे यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यायला मेकॅनिक सांगतो, ते एवढ्यासाठीच.

पाट्याचा कडकपणा काही मोजक्या मापांवर ठरतो. पाट्यांची संख्या आणि रुंदी यांच्या तो सरळ प्रमाणात असतो, जाडीच्या घनाच्या प्रमाणात आणि लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात. जाडी १० टक्के वाढली की कडकपणा ३३ टक्के वाढतो. लांबी २० टक्के वाढवली की कडकपणा ५८ टक्क्यांवर येतो. म्हणून मऊ चाल हवी असेल तर डिझायनर आधी लांब पाटा मागतो, आणि चासीवर तेवढी जागा मिळवणे हाच खरा झगडा असतो.

वजनाबरोबर कडक होण्याची युक्ती पाट्यांत फार सोपी आहे. मुख्य चवडीच्या खाली किंवा वर हेल्पर पाटे बसवायचे. ते ठरावीक दाबानंतरच टेकतात आणि कामाला लागतात. आपल्या नमुना गाडीत सरळ स्प्रिंगऐवजी अशी दोन टप्प्यांची चवड घातली, पहिले ३०० किलो मुख्य पाट्यांनी आणि उरलेले ९०० किलो हेल्परसह मिळून पेलायचे ठरवले, तर तेवढ्याच ८ सेंटिमीटरच्या मुभेत रिकाम्या गाडीचा हेलकावा २.७ वरून २ हर्ट्झवर येतो. भरल्या गाडीचा १.५ वरून १.७ होतो. थोडे इकडचे घेऊन तिकडे दिले, पण चालकाच्या पाठीला फरक कळतो.

पाट्यांना तिसरे एक वरदान आहे. पुढचा डोळा ॲक्सलच्या मध्यापेक्षा खाली ठेवला, तर वळणावर गाडी कलली की बाहेरचे मागचे चाक किंचित पुढे आणि आतले किंचित मागे सरकते. मागचा ॲक्सल त्यामुळे वळणाच्या दिशेलाच जरासा वळतो आणि मागची बाजू बाहेर फेकली जात नाही. माल भरल्यावर बॉडी खाली बसते, डोळा आणखी खाली जातो आणि हा परिणाम वाढतो. भरला पिकअप घाटात स्थिर राहतो, त्यात या भूमितीचा वाटा आहे.

दोषही तितकेच ठोस आहेत. पाटे एकमेकांवर घासतात. या घर्षणाने हेलकावे थोडे शमतात, पण लहान धक्क्यांना चवड हलतच नाही. घर्षण मोडण्याइतका धक्का येईपर्यंत ती लोखंडी तुळईसारखी वागते. पावसाळ्यातला चिखल पाट्यांत शिरून वाळला आणि गंज धरला की हे आणखी वाढते. पॅराबोलिक पाट्यांत पाटे मोजके असतात, प्रत्येकाची जाडी मध्याकडून टोकाकडे कमी होत जाते आणि ते टोकांशीच टेकतात, म्हणून घर्षण बरेच घटते.

दुसरा दोष पीळ सोसण्याचा. जोरात रेस केली की पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वाकतो, सुटतो, पुन्हा वाकतो. चाक रस्त्यावर टपटप उड्या मारते. म्हणून ॲक्सलपुढचा पाट्याचा भाग मुद्दाम आखूड ठेवतात आणि अनेक पिकअपमध्ये एक शॉकॲब्सॉर्बर ॲक्सलच्या पुढे, दुसरा मागे बसवतात. दोन्ही एकाच बाजूला दिसत नाहीत म्हणून ती चूक समजू नये.

५. कॉइल स्प्रिंग आणि दांड्या

या रचनेत कामांची वाटणी होते. कॉइल फक्त वजन पेलते. दोन खालच्या आणि दोन वरच्या दांड्या ॲक्सलला पुढे-मागे धरतात आणि पीळ सोसतात. आडवी पॅनहार्ड दांडी ॲक्सलला बाजूला जाऊ देत नाही. एकूण पाच दांड्या.

वाटणीचा फायदा असा की प्रत्येक काम वेगळे सुधारता येते. कॉइलमध्ये पाट्यांसारखे घर्षण नाही, त्यामुळे बारीक धक्के गिळले जातात. दांड्यांची टोके कुठे ठेवायची यावर ब्रेक मारताना मागची बाजू किती उचलेल आणि वळणावर ॲक्सल किती वळेल, हे ठरवता येते. पॅनहार्ड दांडी वर-खाली होताना कमानीत फिरते आणि ॲक्सलला थोडे आडवे ओढते. वॅट लिंकेज हा दोष काढून टाकते. स्कॉर्पिओ-एनमध्ये ते आहे आणि २०१८ च्या फोर्ड रेंजर रॅप्टरमध्येही होते. त्याच रेंजरच्या साध्या, माल वाहणाऱ्या आवृत्तीला मात्र पाटेच होते. रॅप्टर खडबडीत वाटेवर वेगाने पळवायला बनवलेली आणि साध्या रेंजरपेक्षा कमी वजन उचलणारी आहे; भारगुणोत्तराचा नियम इथेही तसाच दिसतो.

कॉइल जड वजन पेलू शकत नाही, हा समज मात्र चुकीचा आहे. १९८३ च्या लँड रोव्हर वन-टेनला पुढे-मागे कॉइल होत्या आणि तिच्या पिकअप आवृत्त्या शेतात आणि लष्करात चांगले वजन वाहत. कॉइलची अडचण वजनाची नसून फरकाची आहे. भारगुणोत्तर वाढले की तीच कॉइल रिकाम्या गाडीला फार कडक किंवा भरल्या गाडीला फार मऊ पडते. दुहेरी कडकपणाची कॉइल करता येते, पण हेल्पर पाट्याइतकी मोठी उडी तिच्यात साधत नाही. निसानने २०१५ च्या सुमारास आणलेल्या नवाराच्या दुहेरी केबिनच्या गाड्यांना पाच दांड्यांची कॉइल रचना दिली. ऑस्ट्रेलियात, जिथे असे पिकअप माल भरून आणि ट्रेलर ओढत धावतात, मागची बाजू फार बसते अशा तक्रारी आल्या आणि पुढच्या काही वर्षांत कंपनीला स्प्रिंग पुन्हा पुन्हा बदलाव्या लागल्या.

अमेरिकेत हा प्रयोग दोनदा झाला आणि दोनदा वेगळा निकाल आला. शेव्हरोलेने १९६० ते १९७२ च्या हलक्या पिकअपना मागे कॉइल दिली आणि १९७३ च्या नव्या पिढीत पाट्यांकडे परत फिरली. डॉजने २००९ च्या रॅम १५०० ला पाच दांड्यांची कॉइल रचना दिली; ती टिकली, कारण तोपर्यंत त्या वर्गातला पिकअप बहुतांश घरगुती गाडी झाला होता. २०१४ मध्ये रॅमने २५०० लाही कॉइल दिली, पण ३५०० ला पाटेच ठेवले. एकाच शोरूममध्ये उभ्या असलेल्या या तीन गाड्या म्हणजे भारगुणोत्तराचा चालता तक्ताच आहे. टोयोटानेही २०२२ च्या टुंड्रामध्ये पाटे सोडून कॉइल घेतली.

६. चासीचा प्रश्न

आता पाचवे काम. पाटा चासीला दोन ठिकाणी भार देतो, पुढच्या डोळ्याशी आणि मागच्या शॅकलशी. दोन्हींत मीटरभराहून जास्त अंतर असते. शॅकल ॲक्सलच्या बराच मागे असल्याने हौद्याच्या मागच्या टोकाखाली चासीला आधार मिळतो. कॉइल भार एकाच ठिकाणी, ॲक्सलच्या वर देते. तिथे चासीवर वाकवणारा ताण एकवटतो, म्हणून कॉइल घ्यायची तर चासी त्या जागी जाड करावी लागते, आणि त्यात वजन व पैसा दोन्ही खर्च होतात.

याचा पडताळा एका नेहमीच्या चुकीतून मिळतो. पाट्यांच्या पिकअपला बसकी मागची बाजू उचलायला म्हणून ॲक्सल आणि चासी यांच्या मध्ये हवेच्या पिशव्या बसवतात. गाडी सरळ उभी राहते, पण ज्या मधल्या जागी चासीला भार अपेक्षितच नव्हता तिथे आता मोठा वाटा पडतो. माल ॲक्सलच्या मागे असेल, वर ट्रेलर जोडला असेल, तर त्याच जागी चासी वाकते. पिशव्या दोषी नसतात. रचनेचा हिशेब न करता फक्त उंचीचा हिशेब केला गेला, हा दोष असतो.

आपल्याकडची देशी आवृत्ती म्हणजे एक पाटा वाढवून घेणे. पाच पाट्यांच्या चवडीत सहावा तसाच पाटा घातला की कडकपणा २० टक्के वाढतो. भरली गाडी कमी बसते, रिकाम्या गाडीचा हेलकावा २.७ वरून ३ हर्ट्झकडे जातो. हे चालक सहन करतो. पण ॲक्सलचे बेअरिंग, ब्रेकचे लायनर, टायर आणि चासी यांची ताकद पाट्याने वाढत नाही. गाडीचे पासिंग आहे तेवढेच राहते. पाटा वाढवल्याने गाडी जास्त वजन 'पेलते' असे दिसते, इतकेच.

७. स्वतंत्र सस्पेन्शन आणि हवा

सलग ॲक्सलऐवजी दोन्ही चाके स्वतंत्र केली की स्प्रिंगखालचे वजन घटते, कारण डिफरन्शियल चासीला बसते. एका चाकाचा खड्डा दुसऱ्याला कळत नाही. होंडाने २००६ च्या रिजलाइनला ही रचना दिली आणि ती रस्त्यावर कारसारखी चालते. पण माल भरला की स्वतंत्र चाकांचे वरचे टोक आत झुकते आणि टायर आतल्या कडेने झिजतात. शिवाय बॉडी बसली की डिफरन्शियलही जमिनीकडे येतो. सलग ॲक्सलमध्ये माल कितीही भरला तरी हाउसिंगखालची उंची तेवढीच राहते. शेतातल्या चाकोरीतून बाहेर पडणाऱ्या पिकअपला हा फरक फार मोठा आहे.

हवेचे सस्पेन्शन दुसऱ्या वाटेने जाते. माल भरला की झडप हवा वाढवते, उंची पूर्ववत होते. दाब वाढला की हवेची स्प्रिंगही वजनाच्या प्रमाणात कडक होते, म्हणून हेलकावा रिकाम्या आणि भरल्या गाडीत जवळजवळ सारखाच राहतो. गणिताच्या दृष्टीने हे सर्वांत नेटके उत्तर आहे. शिवनेरीच्या व्होल्वो बसमध्ये प्रवाशांना ते सुखावते ते याच कारणाने. रॅमने २०१३ पासून १५०० ला ते पर्याय म्हणून देऊ केले. मात्र कॉम्प्रेसर, झडपा, नळ्या आणि उंची मोजणारे सेन्सर एवढा पसारा धूळ, चिखल आणि उंदरांच्या दातांपासून सांभाळावा लागतो. बिघडले तर गाडी बंप रबरावर बसते.

८. दुरुस्ती हाही निकष

तांत्रिक तुलनेत हा मुद्दा शेवटी येतो, पण मालवाहू गाडीच्या मालकाच्या हिशेबात तो वरचा असतो. भाड्यावर चालणारी गाडी एक दिवस उभी राहिली की त्या दिवसाचे उत्पन्न गेले आणि हप्ता मात्र उभाच राहतो. चवडीतला एखादा पाटा तुटला तरी गाडी हळूहळू पुढच्या गावापर्यंत येते. मेन पाट्याच्या डोळ्याला दुसऱ्या पाट्याचा विळखा दिलेला असेल तर मेन पाटा मोडल्यावरही ॲक्सल जागा सोडत नाही. हायवेच्या कडेला, तालुक्याच्या गावी पाटे उतरवून बदलणारा माणूस सापडतोच. त्याला लागते ते जॅक, पाने, घण आणि मापाचा पाटा.

कॉइल सहसा तुटत नाही, हे खरे. पण पाच दांड्यांची मिळून दहा टोके, प्रत्येक टोकाला रबरी बुश. खराब रस्त्यावर बुश खिळखिळे झाले की गाडी मागून भरकटते आणि कोणता बुश गेला हे शोधायला अनुभवी हात लागतो. हवेला तर निदानासाठी संगणकी उपकरण आणि कंपनीचे वर्कशॉपच गाठावे लागते.

९. निवडीची रीत

वरच्या विवेचनातून निवडीचा क्रम असा बांधता येतो.

पहिली पायरी, वजन मोजा. अंदाज नको. वजनकाट्यावर गाडीची फक्त मागची चाके चढवा. रिकामी असताना एकदा, नेहमीचा माल भरून एकदा. दोन्ही आकड्यांतून चाके आणि ॲक्सल यांचे वजन वजा करा. भागाकार म्हणजे भारगुणोत्तर. 'नेहमीचा माल' हे शब्द महत्त्वाचे आहेत : वर्षातून दोनदा भरलेल्या ओव्हरलोडवर गाडी निवडली तर उरलेले सगळे दिवस त्याची शिक्षा भोगावी लागते.

दुसरी पायरी, मुभा ठरवा. भरल्यावर मागची बाजू किती बसलेली चालेल, हे चाकावरच्या जागेवरून आणि हेडलाइटच्या झोतावरून ठरते.

तिसरी पायरी, आकड्याला प्रकार जुळवा. गुणोत्तर २ च्या आत असेल तर कॉइल आणि दांड्या निर्धास्त घ्याव्यात. रस्ते चांगले असतील आणि जमिनीपासूनची उंची फारशी लागत नसेल तर स्वतंत्र रचनाही चालेल. २ ते ३ च्या दरम्यान दोन टप्प्यांचे पॅराबोलिक पाटे किंवा दुहेरी कडकपणाची कॉइल यांत निवड आहे. तिथे दुरुस्तीची सोय आणि रस्त्याचा प्रकार निर्णय देतात. ३ च्या पुढे सरळ स्वभावाची कॉइल बाद. मग उरतात हेल्परसह पाटे किंवा हवा. आणि हवेची निगा राखणारे वर्कशॉप हाकेच्या अंतरावर नसेल तर पाटेच. २ आणि ३ हे उंबरठे माझे आहेत, पण ते मनाने ठरवलेले नाहीत. ८ सेंटिमीटरच्या मुभेत रिकाम्या गाडीचा हेलकावा अनुक्रमे १.८ आणि २.५ हर्ट्झ होतो, तिथे ते पडतात. मुभा वाढवता आली तर उंबरठेही पुढे सरकतील.

चौथी पायरी, चासी तपासा. निवडलेली रचना भार जिथे देणार तिथे चासी त्यासाठी बेतलेली आहे का? नसेल तर तिसऱ्या पायरीवर परत या.

हाच निकष विजेच्या पिकअपला लावला की एक वरकरणी विसंगत गोष्ट उलगडते. फोर्डचा पेट्रोलवरचा साधा एफ-१५० पाट्यांवर आहे, पण २०२२ च्या विजेवरच्या एफ-१५० लाइटनिंगला स्वतंत्र मागचे सस्पेन्शन मिळाले. रिव्हियनचा आर-१-टी तर चारही चाकांना हवेवर आहे. मागे मोटर बसवायला सलग ॲक्सल गैरसोयीचा, हे एक कारण. दुसरे कारण बॅटरीचे. लाइटनिंग रिकामीच पावणेतीन टनांच्या आसपास आणि त्याहून जड भरते. भागाकारातली खालची संख्या वाढली की उचलायचा माल तेवढाच असूनही भारगुणोत्तर खाली येते, आणि आजवर पिकअपला न परवडणारी रचना परवडू लागते. आपल्याकडच्या छोट्या मालवाहू गाड्यांत मात्र बॅटरी लहान असते आणि माल पूर्वीइतकाच. त्यांचे गुणोत्तर फारसे हलणार नाही. त्या विजेवर आल्या तरी मागचे पाटे एवढ्यात सुटण्याचे कारण दिसत नाही, आणि कोणी ते काढून कॉइल लावली तर ग्राहकाने आधी एकच प्रश्न विचारावा : मागच्या ॲक्सलवर रिकाम्या गाडीचे वजन किती, भरलेल्या गाडीचे किती.